जीवाणू 1676 मध्येच दिसले होते, मग सूक्ष्मजीवशास्त्र उभं राहायला दोनशे वर्षं का लागली?

तुम्ही विचारलंय की हॉलंडच्या लेव्हेनहूकने जीवाणू पाहिल्यानंतर जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखपर्यंत एवढा काळ का गेला, आणि प्रयोगशाळेत काम शिकणाऱ्याला हा इतिहास कशाला हवा. प्रश्न रास्त आहे. मिऱ्यांच्या पाण्यातल्या बारीक जीवांबद्दलचं लेव्हेनहूकचं पत्र 9 ऑक्टोबर 1676 चं, आणि कॉखचा अँथ्रॅक्सवरचा (गुराढोरांच्या जीवघेण्या रोगावरचा) निबंध 1876 चा. बरोबर दोनशे वर्षं. पुस्तकात ही दोन नावं लागोपाठच्या परिच्छेदांत येतात, म्हणून मधली पोकळी जाणवत नाही.

माझ्या मते दोन कामं कोणालाच जमत नव्हती. भांड्यातलं जिवंत असेल ते सगळं खात्रीने मारणं हे एक, आणि गर्दीतून एकच जात वेगळी काढणं हे दुसरं. ही जमेपर्यंत भिंगातून कितीही दिसलं तरी त्यावरून काही ठरवता येत नव्हतं.

भिंगं चांगली नव्हती, हे कारण नेहमी दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. लेव्हेनहूकचं यंत्र म्हणजे धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवलेला काचेचा एक मणी. उरलेल्या यंत्रांपैकी सर्वांत ताकदीचं सुमारे 270 पट मोठं दाखवतं, आणि तेवढ्यात जीवाणू ठिपक्यासारखे दिसतात. पण आपली सर्वांत चांगली पद्धत त्याने कोणाला सांगितली नाही. 1677 मध्ये रॉबर्ट हूकने तेच जीव रॉयल सोसायटीत दाखवले तेव्हा लोकांचा विश्वास बसला. अनेक भिंगांच्या सूक्ष्मदर्शकांत कडांना रंगीत झालर यायची, ती 1830 च्या सुमारास जोसेफ जॅक्सन लिस्टरच्या कामामुळे आटोक्यात आली. (शस्त्रक्रियेत कार्बोलिक ॲसिड आणणारा लिस्टर तो याचाच मुलगा.) तेलात बुडवायचं ॲबेचं भिंग 1878 चं, म्हणजे अँथ्रॅक्सच्या निबंधानंतरचं. तेव्हा केवळ भिंगासाठी शास्त्र अडलं होतं असं म्हणता येत नाही.

खरा घोळ उकळण्यात होता. 1740 च्या दशकात नीडहॅमने मटणाचा रस्सा तापवला, बुचाने बंद केला, आणि काही दिवसांनी त्यात जीव दिसले. निर्जीवातून जीव आपोआप निर्माण होतो, असा निष्कर्ष त्याने काढला. स्पालान्झानीने काचेची मान ज्योतीवर वितळवून चंबू बंद केले आणि ते तासभर उकळले. काहीही वाढलं नाही. त्यावर समोरून आक्षेप आला: इतकं उकळून तुम्ही आतल्या हवेतली जीवनशक्तीच मारलीत. हा आक्षेप आज हास्यास्पद वाटतो, पण त्या वेळी तो खोडता येत नव्हता. उलट त्याला बळच मिळालं. 1810 च्या सुमारास आपेर बाटलीत अन्न बंद करून उकळून टिकवू लागला. गे-ल्युसॅकने त्या बाटल्यांतली हवा तपासली तर तिच्यात ऑक्सिजन नव्हता. झालं! ऑक्सिजन नाही म्हणून जीव नाही, असं बऱ्याच रसायनतज्ज्ञांनी धरलं. निरीक्षण बरोबर होतं, पण त्यातून काढलेलं कारण चुकीचं.

पाश्चरचा हंसासारख्या मानेचा चंबू हे या आक्षेपाला उत्तर होतं. मान लांब, वाकडी, पण टोकाला उघडी. हवा आत-बाहेर करते, धूळ मात्र खालच्या वळणावर ओल्या काचेला चिकटून बसते. आतला रस स्वच्छ राहतो. चंबू तिरपा करून रस त्या वळणापर्यंत नेला आणि परत आणला, की काही दिवसांत गढूळ होतो. हवा तीच आणि रसही तोच, बदल फक्त धुळीचा. 1860 मध्ये त्याने बंद चंबू वेगवेगळ्या उंचीवर नेऊन उघडले. आर्बुआजवळ 20 पैकी 8 बिघडले, ज्यूरा डोंगरावर 20 पैकी 5, आणि मेर द ग्लास हिमनदीवर 20 पैकी फक्त 1. हवेत सगळीकडे सारखे जंतू नसतात, हे या आकड्यांतून दिसतं. त्यासाठी 1862 मध्ये फ्रेंच अकादमीचं बक्षीसही मिळालं.

इथे बहुतेक पुस्तकं विषय संपवतात, आणि मला नेमकं तेच खटकतं. पाश्चरचा प्रतिस्पर्धी पूशे खोटं बोलत नव्हता. तो गवताचा काढा वापरायचा. तो उकळून डोंगरावर नेऊन उघडला तरी त्यात वाढ व्हायची. पाश्चर वापरायचा यीस्टचं पाणी. गवतावर बॅसिलस सब्टिलिस या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कडक कवचातली झोपलेली रूपं, असतात आणि ते 100 अंशांना उकळून मरत नाहीत. म्हणजे दोघांचेही प्रयोग बरोबर होते, फक्त काढे वेगळे होते. 1876 मध्ये फर्डिनंड कोनने हे उष्णता सोसणारे बीजाणू दाखवले तेव्हा कोडं सुटलं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ टिंडलला त्याच सुमारास जुन्या गवताच्या भाऱ्याने असाच हिसका दिला. प्रयोगशाळेत गवत आलं आणि आधी नीट चालणारे प्रयोग फसायला लागले. शेवटी त्याला जागा बदलून लंडनच्या क्यू बागेतल्या प्रयोगशाळेत जावं लागलं.

त्यातून निघालेली युक्ती आजही कामाची आहे. माध्यम, म्हणजे जीवाणू वाढवायचं खाद्य, एक दिवस 100 अंशांना 20-30 मिनिटं वाफेत ठेवायचं, मग रात्रभर साध्या तापमानाला. उरलेले बीजाणू रात्रीत अंकुरतात आणि अंकुरलेला जीवाणू उकळीत मरतो. असे लागोपाठ तीन दिवस. याला टिंडलीकरण म्हणतात, आणि जी माध्यमं 121 अंश सोसत नाहीत त्यांना ते चालतं. साध्या पाण्याला मात्र याचा उपयोग नाही, कारण खायलाच काही नसेल तर बीजाणू अंकुरत नाही आणि तिन्ही दिवस तो तसाच बसून राहतो.

ऑटोक्लेव्हचे (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्याचे) 121 अंश, 15 पौंड दाब, 15 मिनिटं हे आकडे या भांडणाचीच देणगी आहेत. ते पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट लक्षात ठेवा: मारणारी गोष्ट तापमान आहे, दाब नव्हे. दाब फक्त वाफेला 100 च्या वर नेण्यासाठी. झाकण लावल्यावर आतली हवा पूर्ण बाहेर काढली नाही, तर काटा 15 पौंड दाखवतो पण आतलं तापमान पोहोचलेलं नसतं. निम्मी हवा राहिली तर जेमतेम 112. वाफ जोरात आणि सलग येईपर्यंत झडप उघडी ठेवायची ती यासाठी. आणि 15 मिनिटं ही छोट्या बाटल्यांची वेळ आहे. एक लिटरचा भरलेला चंबू मध्यापर्यंत तापायलाच जास्त वेळ घेतो.

आता दुसरं काम, एक जात वेगळी काढणं. कॉखला अँथ्रॅक्सपासून सुरुवात करता आली यात नशिबाचा भाग मोठा होता. हा जीवाणू मोठा, काडीसारखा, सहज ओळखू येणारा. शिवाय मरणाऱ्या जनावराच्या रक्तात तो इतका वाढतो की दुसरं जवळपास काही नसतंच. शुद्ध वाढ जनावराच्या शरीरानेच करून दिली होती. व्योलश्टाइन गावात सरकारी डॉक्टर असताना कॉखने बैलाच्या डोळ्यातल्या पाण्याच्या थेंबात ते जीवाणू वाढवले, त्यांचे धागे आणि मग बीजाणू होताना पाहिले, आणि एप्रिल 1876 मध्ये ब्रेस्लाऊला जाऊन कोनला ते करून दाखवलं.

बाकीच्या रोगांना ही सवलत नव्हती. घशातून, जखमेतून, मातीतून काहीही घ्या, त्यात दहा जाती असणारच. द्रव माध्यमात त्या वेगळ्या कशा करणार? जोसेफ लिस्टरने 1878 मध्ये दूध इतकं पातळ केलं की प्रत्येक नळीत जेमतेम एखादा जीवाणू जावा. हिशोब असा: 10 पैकी 9 नळ्या स्वच्छ राहिल्या आणि 1 गढूळ झाली, तर ती एकाच पेशीपासून वाढली असण्याची शक्यता साधारण 95 टक्के. वाईट नाही. पण ज्या जातीची संख्या सर्वांत जास्त तीच हाती लागते, बाकीच्या पातळ करता करता हरवतात.

उकडलेल्या बटाट्याची चकती उघडी ठेवली तर तिच्यावर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके उठतात आणि प्रत्येक ठिपक्यात एकच जात असते. कॉखने हे हेरलं. घट्ट पृष्ठभागावर जीवाणू जिथे पडला तिथेच वाढतो, मिसळत नाही. 20 मिनिटांना दुप्पट होणारी एक पेशी आठ तासांत, काही आडवं आलं नाही तर, 1 कोटी 67 लाखांवर जाते, म्हणून दुसऱ्या दिवशी तो ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसतो. रोगाचे बरेच जीवाणू बटाट्यावर वाढत नाहीत, म्हणून त्याने मांसाच्या अर्कात जिलेटिन घालून ते काचेवर ओतलं आणि 1881 मध्ये लंडनच्या वैद्यकीय परिषदेत दाखवलं. जिलेटिनच्या अडचणी दोन: शरीराच्या तापमानाला, म्हणजे 37 अंशांना, ते वितळतं, आणि कित्येक जीवाणू ते पचवून टाकतात. सगळा पृष्ठभाग पाणी पाणी.

उपाय आला स्वयंपाकघरातून. कॉखकडे काम करणाऱ्या वाल्टर हेसेची पत्नी फॅनी जेली घट्ट करायला समुद्री शेवाळापासून काढलेला अगार वापरायची. जावात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून तिला तो कळला होता. अगार 85 अंशांच्या वर वितळतो, पण थंड होताना 40 च्या खाली येईपर्यंत गोठत नाही. फार थोडे जीवाणू तो पचवतात. कॉखने 1882 च्या क्षयरोगाच्या निबंधात त्याचा ओझरता उल्लेख केला, फॅनी हेसेचं नाव न घेता. 1887 मध्ये पेट्रीने झाकणाची बशी आणली, आणि निबंधाच्या शीर्षकात तिला ‘छोटासा बदल’ म्हटलं.

आता प्लेटवर, म्हणजे अगार ओतलेल्या या बशीवर, एक जात सुटी करायला रेघा ओढताना काय चुकतं ते बघू, कारण ही सगळी गोष्ट त्या पाच मिनिटांत येते. अगार 1.5 टक्के, म्हणजे लिटरला 15 ग्रॅम. 45 ते 50 अंशांवर आला की 90 मिलिमीटरच्या बशीत 15 ते 20 मिलिलिटर ओता. फार गरम ओतला तर झाकणाला पाणी साचतं, ते खाली टपकतं आणि वसाहती (जीवाणूंचे ते ठिपके) एकमेकींत वाहून जातात. फार थंड केला तर गुठळ्या होतात. माध्यम आम्ल असेल तर ऑटोक्लेव्हमध्ये अगार तुटतो आणि गोठतच नाही. प्लेट आधी थोडी सुकवा. लूप (टोकाला कडं असलेली तार) लाल होईपर्यंत तापवा आणि थंड होऊ द्या. गरम लूप टेकवला की चर्र आवाज येतो, म्हणजे तुमचे जीवाणू गेले. कडेला एका भागात दाट रेघा ओढा. पुन्हा लूप तापवा, थंड करा, प्लेट फिरवा आणि पहिल्या भागाला दोन-तीनदाच स्पर्श करून दुसऱ्या भागात ओढा. असं चौथ्या भागापर्यंत. नवशिके हमखास मधलं तापवणं विसरतात, मग चारही भागांत सारखीच दाट वाढ येते. शेवटचा भाग पहिल्याला लागू देऊ नका, आणि प्लेट उलटी ठेवा. सुटी वसाहत मिळाली तरी लगेच शुद्ध म्हणू नका. दोन पेशी चिकटून पडलेल्या असू शकतात, म्हणून तीच वसाहत घेऊन पुन्हा रेघा ओढतात.

कॉखच्या नावाने ओळखले जाणारे निकष (रोग्यात जंतू सापडणं, तो शुद्ध वाढवणं, त्याने रोग घडवणं, परत तोच मिळवणं) याच तंत्रावर उभे आहेत, म्हणून तंत्र थकतं तिथे तेही थकतात. कुष्ठरोगाचा जीवाणू हॅन्सनने 1873 मध्ये पाहिला, पण तो आजही कृत्रिम माध्यमात वाढत नाही. पटकीचे जंतू धडधाकट माणसातही सापडतात, हे खुद्द कॉखलाच मान्य करावं लागलं. तंबाखूच्या मोझेक रोगाचा कारक जीवाणूंच्या गाळणीतूनही पार जातो, हे 1892 मध्ये इव्हानोव्स्कीने दाखवलं आणि 1898 मध्ये बायेरिंकने तो जिवंत पेशीबाहेर वाढत नाही असं म्हटलं. विषाणूंची गोष्ट तिथून सुरू होते.

मातीतल्या जीवाणूंनी तर प्लेटलाच दाद दिली नाही. अमोनियावर जगणारे, त्याचं नायट्रेट करणारे जीवाणू जिलेटिनच्या प्लेटवर वेगळे निघत नाहीत, म्हणून विनोग्रॅडस्कीने ज्यात सेंद्रिय काहीच नाही असं सिलिकाचं जेल वापरलं. सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या मातीतल्या पेशींपैकी शेकड्याला एकही प्लेटवर उगवत नाही, हा अनुभव आजचाही आहे. त्यातला थोडा दोष आपल्या हाताचा निघाला. 2014 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की फॉस्फेट आणि अगार एकत्र ऑटोक्लेव्ह केले तर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि वसाहती कमी येतात. मातीचे किंवा पाण्याचे नमुने लावणार असाल, तर दोन्ही वेगळ्या बाटल्यांत निर्जंतुक करा आणि 50 अंशांवर आल्यावर मिसळा.