दाराचे पॅड: स्क्रू की क्लिपा?

प्रश्न: वडिलांनी घेतलेली 1978 ची प्रीमिअर पद्मिनी पुन्हा उभी करतोय. रंगकाम झालं. दारांचे जुने पॅड (आतल्या बाजूचे फळीसारखे पॅनल) पाण्याने फुगून कुजले होते, म्हणून सुताराकडून 6 मिमी प्लायचे नवे करून घेतले, त्यावर मरून रेक्झीन चढवलं. पण क्लिपा धरत नाहीत. गाडी खड्ड्यात आपटली की पॅड सुटून मांडीवर. सुतार म्हणतो, कडेने दहा-दहा स्क्रू मारून टाकू. काका, मारू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: मारू नका. हे आधीच सांगतो, नाहीतर तुमचा सुतार उद्या सकाळी ड्रिल घेऊन दारात हजर.

क्लिपांचा दोष नाही, दोष प्लायचा आहे. क्लिप पॅडच्या खाचेत अडकते आणि तिच्या दोन पाकळ्या दाराच्या पत्र्यातल्या भोकातून पलीकडे जाऊन फुलतात, तेव्हा ती धरते. हे गणित साधारण 3 मिमी हार्डबोर्डचं. तुम्ही जाडी दुप्पट केलीत, पाकळ्या भोकातच अडकून राहिल्या. लांब क्लिपा शोधत फिरण्यापेक्षा पॅड 3 मिमीमध्ये पुन्हा करा. सुताराचे पॅड फेकू नका, कापायला नमुना म्हणून ते उत्तम आहेत.

स्क्रूचं म्हणाल तर मी स्वतः तो शहाणपणा केलेला आहे. नाना पेठेजवळ एका कुशनवाल्याकडे शिकाऊ होतो. एका डुक्कर फियाटच्या (जुन्या फियाट 1100 चं टोपणनाव) दाराला इंचभर लांबीचे स्क्रू पिळले. मालकाने काच खाली घेतली आणि आतून कर्रर्र! या टोकापासून त्या टोकापर्यंत चरा. काचेचे पैसे माझ्या पगारातून गेले. शिवाय ड्रिलचा लोखंडी चुरा दाराच्या तळाशी साचतो आणि तिथूनच गंज धरतो. जुन्या टॅक्स्यांमध्ये स्क्रू मारलेले पॅड सर्रास दिसायचे, पण ती धंद्याची गाडी. तुमची घरची आहे.

आता मुख्य गोष्ट. पाणी. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात शिरणारच, कुठलंही रबर ते पूर्ण अडवत नाही. म्हणून दाराच्या तळाला निचऱ्याची भोकं असतात. रंगकामात ती हमखास बुजतात. तार घालून मोकळी करा. मग पत्र्यावर जाड प्लास्टिकचा कागद चिकटवा आणि खालची कड पत्र्याच्या आत खोचा, म्हणजे ओघळ दारातच पडेल. जुने पॅड कुजले ते हा कागद कुणीतरी काढून टाकल्यामुळे, असं मी न बघता सांगतो. हार्डबोर्डला दोन्ही बाजूंनी ऑइलपेंट मारा. कडा आणि क्लिपांच्या खाचा दोनदा रंगवा, बोर्ड तिथूनच पाणी पितो.

क्लिपांच्या जागा टेपने मोजत बसू नका, दोन-तीन मिमी हमखास चुकतं. रेक्झीन चढवण्याआधी पत्र्यातल्या भोकांच्या कडांना ओला गेरू लावायचा आणि कोरा पॅड नेमका बसवून दाबायचा. मागे ठसे उमटतात, तिथेच खाचा पाडायच्या. आमचे उस्ताद कुंकू वापरायचे, पण ते नंतर बोटांवरून रेक्झीनला लागतं.

रेक्झीन थोडा वेळ उन्हात टाका, नरम पडतं. सोल्युशन (चिकटवायचा डिंक) बोर्डालाही लावा आणि रेक्झीनलाही. बोट लावून चिकटेनासं झालं की मगच जोडा. कड दोन सेंटीमीटर मागे वळवा, कोपऱ्यावर त्रिकोणी काप घ्या. फोम 5 मिमीच्या वर नको, नाहीतर काचेचं हँडल दांड्यावर पूर्ण बसणार नाही. हँडलसाठी रेक्झीनला आधी भोक पाडू नका. पॅड बसल्यावर बोटाने दांडा चाचपा आणि तिथे फुलीसारखा छोटा काप द्या.

बसवताना वरची कड आधी. मग एकेका क्लिपेवर तळहाताने थाप, टक् असा आवाज येईपर्यंत. मधोमध बुक्का मारलात तर बोर्ड खाचेपाशी फाटतो. एखादं भोक गंजून मोठं झालं असेल तर तिथे मागून छोटा पत्रा रिव्हेट करून नवं भोक पाडा.

आधी ड्रायव्हरच्या मागचं एकच दार करा. काच दहा वेळा वर-खाली करून बघा, मग बाकीच्या तिन्ही दारांचं रेक्झीन कापा.