काढा ठेव बाजूला, फोड दाखव

"मावशी, नवरा बोटीवर असतो. दोन महिन्यांपूर्वी सुट्टीवर आला, ताप हटेना म्हणून तपासलं तर एचआयव्ही निघाला. गोळ्या सुरू आहेत. माझी तपासणी निगेटिव्ह आली. मी रोज गुळवेलीचा काढा घेते, मला साधी सर्दीसुद्धा होत नाही. प्रतिकारशक्ती चांगली असली की लागण होणार नाही ना? त्याला माफ करावं की माहेरी जावं, कळत नाही. मधूनमधून खाली बारीक फोड येतात, आग होते, पण डेटॉलच्या पाण्याने धुतलं की बसतात. ओळखीच्या डॉक्टरांना काय दाखवायचं?"
– एक वाचक, डिचोली

अगं, माफीचं नंतर बघू. त्या फोडांचं तू जाता जाता लिहिलंस आणि मी तिथेच अडकले. कधीपासून येतात, तेही सांगितलं नाहीस!

एचआयव्ही शिरतो तोच मुळी प्रतिकार करणाऱ्या पेशींत, सीडी-४ म्हणतात त्यांत. कुठे फोड आला, सूज आली की शरीर याच पेशी तिथे धाडतं. म्हणजे नाजूक त्वचा फाटलेली आणि विषाणूला हव्या त्याच पेशी तिथे गोळा झालेल्या. फोड हर्पीसचे, म्हणजे संबंधांतून पसरणाऱ्या एका विषाणूचे, असतील तर लागणीचा धोका साधारण तिप्पट होतो. आणि 'बसले' म्हणून निर्धास्त होऊ नकोस. वरून त्वचा सारखी झाली तरी त्या पेशी कित्येक आठवडे तिथे ठाण मांडून असतात. नैरोबीच्या पुमवानी वस्तीत वर्षानुवर्षं विषाणूशी संबंध येऊनही काही बायकांना लागण झाली नाही. त्यांच्या प्रतिकारपेशी तपासल्या, तर त्या इतरांपेक्षा शांत निघाल्या, म्हणजे इथे प्रतिकारशक्ती जोरात असणं कामाचं नाही. काढ्याने सर्दी टळते की नाही ते सोड, इथे तो तुझ्या कामाचा नाही.

डेटॉल आजच बंद कर. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू आम्ल तयार करून राखण करत असतात. असल्या धुण्याने ते मरतात, त्वचा चरचरते, सूज वाढते.

नवऱ्याच्या गोळ्यांवर माझा पूर्ण विश्वास आहे. पुणे-चेन्नईसह नऊ देशांत १,७६३ जोडप्यांचा अभ्यास झाला. गोळ्यांनी विषाणू पुरता दबलेला असताना जोडीदाराकडून एकीलाही वा एकालाही लागण झाल्याचं आढळलं नाही. पण दोन महिन्यांत ते गृहीत धरायचं नसतं. व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, रिपोर्ट हातात येऊन तो दबल्याचं दिसेपर्यंत निरोध हवाच, आणि तुझी तपासणी पुन्हा करायची.

लाजेचं म्हणशील, तर १९८९ साली याच गोव्यात डॉमनिक डिसोझांना एचआयव्ही आहे एवढ्यावरून म्हापशात कोंडून ठेवलं होतं. ती धास्ती आपल्यात मुरलीय, मला माहीत आहे. पण २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीबाबतची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. ओळखीचे डॉक्टर नकोत ना? मग सोमवारी सकाळची कदंब बस पकड आणि बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जा. त्वचा-गुप्तरोगाची ओपीडी विचार, डॉक्टरीण हवी म्हणून सांग. आत्ता फोड नसले तरी जायचंच. कधी आले, किती दिवस राहिले, ते कागदावर लिहून ने.

आणि नवऱ्याला बसमध्ये शेजारी बसव. त्यालाही असे फोड येतात का, हे त्याने स्वतःच्या तोंडाने डॉक्टरांना सांगायचं आहे.