बिल्टीवरची तारीख आणि १८० दिवस

मालवण तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. किनाऱ्याजवळ खाणावळ काढायची म्हणून त्यांनी भिवंडीत एक जुनी, इंजिन जाम झालेली बस घेतली आणि ट्रान्सपोर्टवाल्याकडे गावपोच बुक केली. बुकिंग ११ मेचं. बस बरेच दिवस यार्डातच पडून राहिली, ऐन पावसात लोबेडवर (अवजड गाड्या वाहून नेणाऱ्या बुटक्या ट्रेलरवर) चढली. कसालला आल्यावर ‘पुढचा रस्ता लोबेडला जमणार नाही’ म्हणून ती उतरवली आणि ट्रकच्या मागे साखळीने टोचन करून गावात नेली. ३ ऑगस्टला दारात आली तेव्हा गिअरबॉक्स गेलेला, पुढचा एक्सल वाकलेला. दुरुस्तीचा अंदाज १ लाख ८० हजार. एजंट आधी म्हणाला, ‘चवथ होवंदे, मगे बगूया’, म्हणजे गणपती होऊ देत, मग बघू. आता म्हणतो, दिवाळीनंतर. वाचक विचारतात, जानेवारीअखेरपर्यंत मुदत आहे, तोवर तडजोडीची वाट बघू का?

असं पत्र मला दर पावसाळ्यानंतर येतं. कधी जेसीबी असतो, कधी बोटीचं इंजिन, कधी काजूचं मशीन. चूकही दर वेळी तीच.

जानेवारी विसरा. तुमची मुदत ७ नोव्हेंबरला संपते.

रस्त्यावरून मालवाहतुकीचा २००७ चा कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत मिळालेली असावी लागते, आणि तीही दावा लावण्याआधी. माल दारात कधी आला, नुकसान कधी दिसलं, याला इथे किंमत नाही. तुम्ही ३ ऑगस्टपासून मोजलंत म्हणून ३० जानेवारी आली. ११ मेपासून मोजा. यार्डात बस पडून होती ते सगळे दिवसही तुमच्याच मुदतीतून गेले. हे मला अन्यायाचं वाटतं, पण कायद्याचे शब्द स्वच्छ आहेत.

तुम्हाला कुणी जुन्या वकिलांनी ‘कळल्यापासून सहा महिने’ असं सांगितलं असेल, तर तो १८६५ चा कायदा होता. तेव्हा नुकसान समजल्यापासून मोजायचे. तो आता रद्द झालाय, पण कोर्टाच्या आवारात ती मोजणी अजून फिरते आणि लोक बुडतात. माझ्या एका पक्षकाराने नोटीस उशिरा दिली होती. कोर्टाने तीन वर्षं तारखा दिल्या, साक्षी घेतल्या, आणि शेवटी दावा काढून टाकला तो एवढ्याच मुद्द्यावर. हा मुद्दा पहिल्या महिन्यात निकाली काढता आला असता.

म्हणून नोटीस याच आठवड्यात पाठवा. टाकलेली चालत नाही, पोचलेली लागते. बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराने दिलेल्या मालाच्या पावतीवर, छापलेल्या मुख्य कार्यालयाला एक आणि जिथे बुकिंग केलं त्या ऑफिसला एक, पोचपावतीसह. बिल्टी नंबर, तारीख, कुठून कुठे, काय मोडलं, किती भरपाई हवी, एवढं पुरे. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही फोटो पाठवलेत आणि एजंटने निळी खूण करून सोडून दिले. ती लेखी नोटीस धरता येईल असा युक्तिवाद मी करीन, पण त्यावर केस टांगणार नाही. फोन मात्र विकू नका, ते मेसेज पुराव्यात लागतील.

आता रकमेचं. इथे मला तुमचा राग आला. भाडं ७० हजार ठरलं आणि बिल्टीवर २५ हजार लिहू दिलंत. शिवाय बस २ लाख २५ हजारांना घेऊन मालाची किंमत लिहिलीत ६० हजार, ‘भंगार’ म्हणून. जास्त जोखमीचा दर लेखी कबूल केला नसेल तर नियमाप्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच, आणि तीही बिल्टीसोबतच्या फॉर्मवर जाहीर केलेल्या किमतीच्या वर नाही. म्हणजे १ लाख ८० हजार मागा, पण हातात ६० हजारच येतील हे धरून चाला. रोख दिलेल्या ४५ हजारांचा कागद नसेल तर तो मुद्दा उपयोगी पडेल असं वाटत नाही.

हलगर्जीपणा सिद्ध करायचा भार या कायद्यात तुमच्यावर नाही. तरी मेकॅनिककडून लिहून घ्या की प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्स आणि मागची चाकं जोडणारा दांडा) न सोडता बस ओढली. मागची चाकं फिरतात, इंजिन बंद असतं, गिअरबॉक्समध्ये तेल नीट फिरत नाही, आणि तो जळतो. टोचन करणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं. एक्सल उघडण्याआधी फोटो काढा.

कसालपासून टोचन केलेली बस हा ‘माल’ की नुसती ओढलेली गाडी, म्हणजे त्या टप्प्याला हा कायदा लागतो की नाही, यावर समोरचा वकील वाद घालील. बिल्टी गावपोच होती, त्यामुळे तुमची बाजू बरी दिसते. खात्री देत नाही. मला जास्त काळजी आहे ती तुमच्या पुतण्याची. ओढल्या जाणाऱ्या गाडीची पुढची चाकं उचललेली नसतील तर स्टिअरिंगवर लायसन्सवाला माणूस लागतो. तुम्ही तिथे बसवलात तो पुतण्या, लायसन्स नसलेला. साखळीच्या टोकाला, भर पावसात! हे समोरचे पहिल्याच उत्तरात लिहितील. लपवू नका, तुमच्या वकिलाला आधीच सांगा.

दावा कुठे लावायचा हे नंतर बघू. खाणावळ तुमच्या स्वतःच्या पोटापाण्यासाठी असेल तर ओरोसच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल, तिथे दोन वर्षांची मुदत आहे. पण तिथेही कलम १६ च्या नोटिशीतून सुटका नाही, असं समजूनच वागा. मालवणच्या दिवाणी कोर्टात किती वर्षं जातील ते मी सांगत नाही.

एजंटचा पुन्हा फोन आला तर जरूर बोला, तडजोड झाली तर चांगलंच आहे. पण फोन घ्यायच्या आधी पोस्टात जाऊन या.