वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९७१च्या युद्धात होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. वर्षश्राद्धाला चार पानांचा स्मृतिलेख छापायचा आहे. मसुद्यात ‘शूर, कर्तव्यदक्ष, कुटुंबवत्सल’ एवढं लिहिलंय, पुढे वाक्य सुचत नाहीये. सुरुवात कशी करू?

मसुद्यातली ‘शूर, कर्तव्यदक्ष, कुटुंबवत्सल’ ही तिन्ही विशेषणं आधी खोडा. ती कोणालाही लागू पडतात, म्हणूनच त्यांच्यापुढे तुम्हाला वाक्य सुचत नाहीये. ट्रंक उघडा आणि कागदांपासून सुरुवात करा.

सगळ्यात आधी डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवामुक्तीच्या वेळी फौजेकडून मिळालेलं पुस्तक. भरतीची तारीख, हुद्दा, सेवेचा काळ, पदकं, चारित्र्याचा शेरा, सेवामुक्तीचं कारण, सगळं त्यात असतं. घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी आणि हे पुस्तक जुळलं नाही तर पुस्तकाचं खरं धरा. हवालदारांना निवृत्तीच्या वेळी मानद नायब सुभेदार हुद्दा मिळालेला असू शकतो. तसा कागद असेल तरच ‘मानद’ शब्दासकट लिहा, नुसतं ‘सुभेदार’ लिहू नका.

मग पदकं. नंबर, हुद्दा आणि नाव पदकाच्या कडेवर कोरलेलं असतं, पदक ताऱ्याच्या आकाराचं (स्टार) असेल तर मागच्या बाजूला. भिंगातून वाचा. चिंच, लिंबू, पॉलिश काहीही लावू नका, अक्षरं झिजतात. ‘पूर्वी स्टार’ नावाचं पदक असेल तर वडील पूर्वेच्या आघाडीवर होते, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिमेच्या. संग्राम मेडलही याच युद्धाचं, पण त्यावरून आघाडी कळत नाही. १५ ऑगस्ट १९७२ला सेवेत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक मिळालं, नऊ वर्षांच्या सेवेचं पदक वेगळं. यांतलं एकही शौर्यपदक नाही. छातीवर चार पदकं दिसली की लोक ‘शौर्यपदक विजेते’ छापतात, तसं करू नका. वीर चक्र किंवा सेना मेडल असतं तर ते राजपत्रात आलं असतं आणि घरातही सर्वांना ठाऊक असतं.

ते मराठा लाइट इन्फंट्रीचे म्हणता, तर बटालियनचा आकडा शोधल्याशिवाय लढाईचं नाव घालू नका. आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढली ती पहिली बटालियन, जंगी पलटण. ११ डिसेंबरला तिथल्याच टांगाईलला पॅराशूटने उतरलेली दुसरी पॅरा बटालियन म्हणजे मूळची तिसरी मराठा. बाकीच्या बटालियन निरनिराळ्या ठिकाणी होत्या, आणि त्याच बटालियनमधला एखादा जवान त्या दिवशी रिअर पार्टीत, म्हणजे मागे ठेवलेल्या तुकडीत, किंवा रेजिमेंटच्या बेळगावच्या सेंटरमध्येही असू शकतो. त्याने त्याची सेवा उणी होत नाही. कागद मिळत नसेल तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला आर्मी नंबर, नाव, भरतीचं वर्ष आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून आईच्या सहीने अर्ज करा. उत्तराला वेळ लागतो, तेव्हा आत्ताच पाठवा.

खरा ऐवज मात्र पत्रांत असतो. अंतर्देशीय पत्रावर गावाचं नाव नसेल, पण ‘द्वारा ९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) असेल तर साधारण पूर्व आणि ईशान्य, ‘५६ एपीओ’ असेल तर साधारण पश्चिम आणि उत्तर. मनीऑर्डरीच्या पावत्या टाकू नका. खालच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असायची आणि पुष्कळ जवानांचं घराशी बोलणं त्या दोन ओळींतच व्हायचं. बियाण्याला किती, शाळेच्या फीला किती, कोणाच्या औषधाला किती, हे तिथे सापडतं. तुम्ही ‘कुटुंबवत्सल’ म्हणता त्याचा पुरावा तोच.

आता एक मोठा कागद घेऊन मधोमध रेघ मारा. डावीकडे साल आणि पोस्टिंग, उजवीकडे त्याच साली घरात काय घडलं ते: जन्म, लग्न, आजारपण, विहीर, वाटणी, कर्ज. वर्षाची दोन महिन्यांची रजा कोणत्या महिन्यात घेतली तेही मांडा; पेरणीला आले की लग्नसराईला, त्यावरून माणूस कळतो. डावीकडे ‘फील्ड’ (सीमेकडचं, कुटुंब सोबत नेता न येणारं पोस्टिंग) आणि उजवीकडे ‘मुलगी झाली’ असं एका ओळीत आलं की लेखाची सुरुवात तिथून करा.

माझं भांडण आहे ते डावा रकाना तेवढा छापणाऱ्यांशी. ‘घरच्या गोष्टी चारचौघांत कशाला’ म्हणणारा एक नातेवाईक प्रत्येक घरात असतो. त्याचं ऐकू नका. वर्षाचे नऊ-दहा महिने ते घर जिने चालवलं, तिचं नाव शेवटच्या पानावर ‘पत्नी’ म्हणून एका ओळीत येणं हा उघड अन्याय आहे. आईला ‘बाबा कसे होते’ असं विचारू नका, ‘चांगले होते’ एवढंच उत्तर मिळेल. रजेवर आले की पहिल्या दिवशी काय करायचे, पत्र वाचून कोण दाखवायचं, पेन्शन घेऊन परतल्यावर कोणत्या गोष्टीवरून खटके उडाले, असं विचारा. निवृत्तीनंतरचा काळही लिहा. बहुतेक जवान ऐन चाळिशीच्या आसपास घरी येतात आणि पुढची नोकरी किंवा शेती फौजेइतकीच वर्षं चालते.

आईला एखादी गोष्ट छापायची नसेल तर मात्र ती वगळा, तिथे माझा आग्रह नाही. आणि वडील निवृत्तीनंतर वारले, तेव्हा ‘शहीद’ हा शब्द नको.

पासपोर्ट आकाराचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. अल्बमच्या काळ्या कागदाला चिकटलेला असेल तर ओढू नका, जागेवरच वरून फोटो काढा. छापखान्यात डिस्चार्ज बुक किंवा पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) मूळ प्रत देऊ नका, झेरॉक्स द्या. फॅमिली पेन्शन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आणि जिल्हा सैनिक कार्यालय, सगळीकडे आईला ती मूळ प्रत लागू शकते. आर्मी नंबर आणि पीपीओ नंबर लेखात छापू नका, पदकांच्या फोटोतही झाका. पेन्शनधारकांच्या घरी फसवणुकीचे फोन अशाच माहितीवरून येतात.