द्राक्षाचं उरलेलं औषध गुलाबावर नको

नमस्कार मंडळी. छाटण्या तोंडावर आल्यात म्हणून या आठवड्यात द्राक्षाचेच प्रश्न येतील असं धरून बसलो होतो, तर निम्मे प्रश्न निघाले घरच्या गुलाबाचे. मोगलांच्या काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं म्हणे, ते अजून पुरतं पुसलेलं दिसत नाही. असो.

पहिला प्रश्न मखमलाबादच्या एका ताईंचा. त्यांनी लिहिलंय, "सर, आमच्या ओट्यापुढे आठ गुलाब आहेत, दोन गावठी, बाकी कलमी. बागेची फवारणी झाली की उरलेलं औषध मिस्टर गुलाबावर मारून टाकतात. तरी दर थंडीत भुरी येते. आता तर नवीन पानं दोऱ्यासारखी बारीक आणि वाकडी निघतायत. मला गावठी गुलाबाचा गुलकंद करायचाय, नैसर्गिक पद्धतीने काय करता येईल?"

परवा त्याच बाजूला शिवारफेरी होती म्हणून ओट्यापाशी थांबून झाडं बघूनच आलो. पान हातात घेतलं तर मधली शीर जाड आणि बाजूच्या शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या, पान पसरायचं सोडून पिळ पडून आवळलेलं. व्हायरस असेल असं ताईंच्या मुलाला वाटत होतं. मी ताईंच्या मिस्टरांना विचारलं पंप कुठला वापरता, तर म्हणे ट्रॅक्टरच्या ब्लोअरमध्ये उरलेलं औषध पाठीवरच्या जुन्या पंपात काढतो आणि गुलाबाला मारतो. आणि तो जुना पंप एरवी कशाला वापरता? बांधावरच्या गाजरगवताला, २,४-डी मारायला. झालं ना मग! द्राक्षाच्या आसपास हेच दादा तो पंप फिरकू देत नाहीत, आणि गुलाबाला मात्र त्याच पंपाने आंघोळ. या तणनाशकाला द्राक्षासारखाच गुलाबही हळवा असतो, पंपात राहिलेले चार थेंबसुद्धा त्याला पुरतात, नुसत्या पाण्याने पंप विसळून भागत नाही.

तर ताई, पिळवटलेले शेंडे खालच्या चांगल्या पानापर्यंत कापून टाका, पाणी नियमित द्या आणि महिनाभर काहीही मारू नका. मूळ चांगलं असेल तर पुढची फूट सरळ येईल. गुलाबासाठी एक लिटरचा साधा हातपंप वेगळा घ्या, त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "गुलाब" लिहा आणि तो गोठ्यात न ठेवता घरात ठेवा.

आता भुरी. इथे द्राक्षवाल्यांचा हमखास घोळ होतो, दोन्हीकडे पांढरी पावडर दिसते म्हणून रोग एकच समजतात. नाव एक असलं तरी बुरशी वेगवेगळी आहे, द्राक्षाची भुरी गुलाबावर जात नाही आणि गुलाबाची द्राक्षावर येत नाही, त्यामुळे "बागेत भुरी आली म्हणून गुलाबावर आली" असं काही नसतं. गुलाबाला भुरी येते ती थंड रात्री आणि कोवळी लुसलुशीत फूट यांच्यामुळे, आणि ती फूट तुम्हीच युरिया टाकून काढलेली असते (ताईंनी कबूल केलं, ड्रिपच्या खतातलं मगभर गुलाबाला जातं). युरिया बंद करा. डिसेंबर-जानेवारीत, भुरीचा पहिला ठिपका दिसायच्या आधीच, १०० मिली दूध ९०० मिली पाण्यात मिसळून आठवड्यातून एकदा सकाळी उन्हात फवारा. मलई काढलेलं घ्या म्हणजे वास येत नाही आणि नोझल तुंबत नाही. दूध सुरुवातीलाच कामाचं, झाड पांढरंफेक झाल्यावर दुधाने काही होत नाही, तेव्हा ती पानं काढून पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम मारा. गंधक सेंद्रिय शेतीत चालतं, पण ऊन ३२ अंशांच्या वर असेल तर मारू नका, पानं भाजतात, आणि नीमतेल मारलं असेल तर मध्ये किमान १५ दिवस जाऊ द्या.

काळ्या ठिपक्यांची गोष्ट बरोबर उलटी. भुरीला पान ओलं लागत नाही, नुसता हवेतला दमटपणा पुरतो, आणि काळ्या ठिपक्याला पान सहा-सात तास सलग ओलं मिळालं की तो रुजतो, म्हणून तो आपल्याकडे पावसाळ्यात येतो. ज्यांच्याकडे वर्षभर येतो ते लोक संध्याकाळी पाईप धरून झाड वरून भिजवतात, ती पानं रात्रभर ओली राहतात. पाणी सकाळी द्या आणि बुडाशी द्या. धूळ बसली म्हणून झाड धुवायचं असेल तर तेही सकाळीच, दुपारपर्यंत सुकलं पाहिजे. खाली पडलेली ठिपक्यांची पानं वेचून घरापासून लांब टाका, कंपोस्टात नको, पुढच्या पावसात रोग त्यातूनच उडतो. निम्मी लढाई या झाडूनेच जिंकता येते, पण बाटली विकत आणणं लोकांना सोपं वाटतं.

खरं तर द्राक्षबागेतून गुलाबाने घ्यायचं काही असेल तर ती ऑक्टोबर छाटणी, आणि ती नेमकी कोणी घेत नाही. वेलीवर डोळे (नवी फूट निघते त्या जागा) मोजून कात्री चालवणारा माणूस घरचा गुलाब मात्र सहा-सहा फूट वाढू देतो आणि शेंड्याला एक फूल आलं की फोटो काढतो. पाऊस पूर्ण उघडला की, साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, कलमी गुलाबाच्या वाळक्या, पेन्सिलपेक्षा बारीक आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडातून काढा. चार-पाच जोमदार काड्या ठेवा, त्या गुडघ्याएवढ्या उंचीवर कापा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटीमीटर वर, तिरका, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. फार वर कापलं तर तेवढं खुंटूक वाळतं आणि वाळ खाली सरकत जाते, यालाच डायबॅक म्हणतात. ताईंच्या ग्लॅडिएटर जातीच्या लाल गुलाबावर असं बोटभर काळं खुंटूक होतं, मी कात्रीने एकेक पेर खाली येत गेलो, आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत. तपकिरी गाभा दिसतोय तोवर कापत राहायचं, तिथे दया माया नाही.

कापलेल्या टोकाला बोर्डो पेस्ट लावा. बागेसाठी बोर्डो कराल तेव्हा आठ गुलाबांपुरतं १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्रत्येकी अर्ध्या लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या भांड्यात वेगवेगळं भिजवा, मग एकत्र करून ब्रशने लावा. शहरात कोणी हळद लावतात, लावा बापडे, नुकसान काही नाही. छाटणीनंतर ४० ते ४५ दिवसांत फुलं येतात. म्हणजे दिवाळीला नाही मिळणार, पण मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला घरचं फूल असेल, हिशोब तसाच धरा. गावठी गुलाबाला मात्र अशी जबर छाटणी नको, वाळकं काढा आणि शेंडे आखडते घ्या, बस.

दुसरा प्रश्न सिडकोतल्या एका दादांचा, गच्चीवरच्या गुलाबाची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, अंड्याची टरफलं, केळीची सालं, चहाचा चोथा सगळं घालून झालं तरी फरक नाही. दादा, कुंडीत काळी माती भरली का? तुमच्या फोटोत भेगा दिसतायत म्हणून विचारतो. आपल्या काळ्या मातीत चुना आधीच भरपूर, त्यात टरफलं म्हणजे आणखी चुना, आणि चुन्यात लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी ते लोहामुळे, खालची जुनी पिवळी झाली असती तर मी शेणखत सांगितलं असतं. मूठभर शेणखतात एक चमचा हिराकस (फेरस सल्फेट) आठवडाभर मुरवून कुंडीच्या कडेने द्या, आणि घाई असेल तर हिराकस लिटरला २ ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळून पानांवर फवारा, संध्याकाळचं ऊन उतरल्यावर, फक्त फरशीवर सांडू नका, डाग जात नाही. केळीची सालं कच्ची घालू नका, चिलटं होतात, आधी कुजवा. चोथा दूध-साखर धुऊन सुकवून थोडा चालेल.

आणि काळी माती कुंडीत नकोच. नर्सरीतली लाल माती दोन भाग, जुनं कुजलेलं शेणखत एक भाग, कोकोपीट एक भाग, वर मूठभर निंबोळी पेंड. शेणखत ओलं किंवा अर्धकच्चं घेतलं तर त्यातून हुमणी येते, ती मुळं खाते आणि वरून झाड उगाच मान टाकतं. कुंडी १२ ते १४ इंची, बुडाचं भोक काडी घालून बघा मोकळं आहे का, आणि रोज पाच-सहा तास ऊन नसेल तर मी सांगितलेलं बाकी सगळं विसरा.

पाथर्डी फाट्याच्या एका काकूंचं म्हणणं, त्यांचा गुलाबी कलमी गुलाब "जंगली झाला", काटे वाढले, पानं बारीक, फूल नाही. काकू, तो गुलाब बदलला नाही, कलमाच्या गाठीखालून खुंट (ज्यावर कलम बांधतात ते जंगली झाड) फुटलाय आणि त्याने वरच्याचं खाणं खाल्लंय. द्राक्षात डॉगरिज या खुंटाचा फुटवा काढतात तसाच तो मुळापासून ओढून काढा, वरून कापलात तर दुप्पट येईल. एका देठावर सात पानं म्हणजे जंगली, असं नुसती पानं मोजून ठरवू नका, कलमी फांदीलाही कधी कधी सात येतात, फांदी गाठीच्या खालून निघालीय का तेवढं माती उकरून बघा.

मावा आणि फुलकिडे यांबद्दल चौघांनी विचारलंय. माव्याला पाण्याचा जोराचा फवारा दोन-तीन दिवस, आणि खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा, मुंग्या माव्याची राखण करतात. झाडावर ढालकिडा किंवा त्याची काळी-नारिंगी अळी दिसली तर काहीच मारू नका, ते माव्यावरच जगतात. फुलकिड्यांची शंका असेल तर फूल पांढऱ्या कागदावर झटका, बारीक रेघांसारखं काही पळताना दिसलं तर न उमलणाऱ्या कळ्या तोडून पिशवीत बांधून टाका, निळा चिकट सापळा लावा, आणि नीमतेल लिटरला ५ मिली, थोडं साबणाचं पाणी घालून, संध्याकाळी मारा.

राहिला ताईंचा गुलकंद. ताई, या फुटीवरची फुलं गुलकंदाला घेऊ नका, देवालाच वाहा. द्राक्षाच्या औषधावर फवारणी ते काढणी किती दिवस ठेवायचे ते छापलेलं असतं, पण ते द्राक्षाच्या मण्यासाठी, पाकळीसाठी नाही. गावठीची पुढच्या बहाराची फुलं, तोवर झाडावर एक थेंब पडला नसेल तर, सकाळी दव सुकताना तोडा, पाकळ्या सावलीत पसरा, मग बरोबरीने खडीसाखर घालून थर द्या आणि बरणी उन्हात ठेवा. आणि मिस्टरांना तो जुना पंप परत ओट्याकडे आणू देऊ नका.