टीव्हीवरचं फडकं कोण काढणार?

राम राम मंडळी. या वेळी पत्रांत आणि मेसेजमध्ये शाळेतल्या टेक्नॉलॉजीचेच प्रश्न जास्त आलेत, त्यातले तीन घेतलेत. पहिल्याला जागा जरा जास्त दिलीय कारण तोच प्रश्न शिरपूरपासून बोदवडपर्यंत सगळीकडून येतोय.

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यातल्या झेडपी शाळेत मुख्याध्यापिका आहे, पाच शिक्षक आहोत. गावाने लोकवर्गणी करून ४३ इंची स्मार्ट टीव्ही दिला, दोन दिवसांचं ट्रेनिंगही झालं. पण दोन सिनियर सर टीव्हीला हातच लावत नाहीत, त्यातले एक म्हणतात, "आते या वयमा काय शिकसू". टीव्हीवर कायम फडकं, पाहुणे आले की निघतं. त्यांना न दुखावता कसं वळवायचं?

उत्तर : ताई, मी २८ वर्षं वर्गात होतो आणि नंतर केंद्रप्रमुख, त्यामुळे असे सर मी खूप बघितलेत आणि त्यांच्यातले बहुतेक आळशी नव्हते हे आधी सांगतो. पोरांसमोर चुकीचं बटण दाबलं गेलं आणि सहावीतलं पोरगंच म्हणालं "सर असं नाही, असं", तर काय, ही धास्ती असते. ३० वर्षं गावाने मान दिलेल्या माणसाला ते फार बोचतं. दुसरं म्हणजे शिक्षकाच्या हातात मोबाईल आला तोच मुळात माहिती भरायला, यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी माहिती भरा, पोषण आहाराची रोजची माहिती टाका, फोटो काढा, लिंक भरा, रात्री नऊला ग्रुपवर "तात्काळ" असा मेसेज. मग टीव्ही आला की त्यांना वाटतं हेही एक जास्तीचं काम, याचेही फोटो मागतील. तुमच्या हातात आहे तेवढं करा, पहिले दोन महिने टीव्हीच्या तासाचा फोटो कुणाकडूनच मागू नका.

आता ट्रेनिंगचं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या शिकण्याला द्यावेत असं म्हटलंय, ते चांगलंच आहे, पण हॉलमध्ये शे-दीडशे जणांत बसून ऐकलेलं वर्गात पोचत नाही हे आपण सगळे जाणतो. त्या ५० मधले पाच-सात तास तरी स्वतःच्या वर्गात, स्वतःच्या पोरांसमोर, शेजारच्या वर्गातल्या शिक्षकाला बाजूला उभं करून गेले पाहिजेत. म्हणजे कसं ते सांगतो.

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. तुमच्या पोरांनी समुद्र बघितलेला नाही, त्यांनी बघितलाय तो तापीचा पूर. त्यामुळे भरती म्हटलं की पोरं पूरच समजतात, पाऊस झाला की भरती येते असं पेपरात लिहितात. ही चूक कुठे होते ते तुमच्या सिनियर सरांना पक्कं माहितीये, नव्या शिक्षकाला नसेल कदाचित. मग सरांना असं म्हणा की सर, हा धडा पोरांना दरवर्षी कुठे अडतो ते तुम्ही सांगा, त्या जागेचा व्हिडिओ आम्ही शोधतो. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी अ‍ॅपवर धड्याचं साहित्य उघडतं, ते तरुण शिक्षकाने घरीच डाऊनलोड करून ठेवावं म्हणजे वर्गात रेंज गेली तरी तास बुडत नाही. टीव्हीचा रिमोट तरुणाकडे आणि खडू सरांकडे. व्हिडिओ चार मिनिटांच्या वर नको, आणि अर्ध्यात थांबवायचा. आवाज बंद करून विचारायचं, "आता पाणी पुढे येईल की मागे जाईल? का?" पोरांना जोडीत बोलू द्या, वहीत अंदाज लिहू द्या, मग पुढचं दाखवा. रोज भरतीची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे कोष्टक देऊन पोरांनाच शोधायला लावलं तर वर्ग असा काही पेटतो की बस. आणि एखादी पोरगी विचारेलच की चंद्र एका बाजूला असतो तर पलीकडच्या बाजूलाही भरती का येते. तिथे सरांनी मोकळेपणाने म्हणावं, "उद्या मिळून बघू." माझ्या मते ही २१ व्या शतकातली कौशल्यं वगैरे म्हणतात ना ती हीच, प्रश्न विचारणं, अंदाज बांधणं, तपासणं, दुसऱ्याला समजावणं, टीव्ही नुसता निमित्त आहे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की अर्धा तास पाचही जणांनी बसा, त्या आठवड्यात काय फसलं ते आधी बोला, आणि पहिल्यांदा तुम्ही स्वतःचं फसलेलं सांगा. मुख्याध्यापिकेने सांगितलं की बाकीच्यांची जीभ सैल होते. आठवड्याला एकच तास, एकच धडा, एवढं पुरतं. आणि जे हाताने करता येतं ते टीव्हीवर दाखवू नका, कापसाचं बोंड शेतात आहे, सेल-बल्ब-वायर दुकानात मिळते. हृदयाची धडधड, ग्रहण, भरती, असं जे समोर आणता येत नाही तेच पडद्यावर.

सरांना अजून एक सांगा. पुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी धडपडलेले रणजितसिंह डिसले सर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतलेच, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळालं आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकली. आपल्यातलाच माणूस आहे म्हटल्यावर फरक पडतो.

प्रश्न : धडगाव तालुक्यात पाड्यावरची द्विशिक्षकी शाळा. रेंज डोंगरावर गेलं तरच, लाईटचा भरवसा नाही. पोरं घरी पावरी बोलतात, पुस्तक मराठी. आमच्यासाठी यात काय आहे?

उत्तर : सर, तुमच्यासाठी जास्तच आहे. तुमच्या खिशातला मोबाईल म्हणजे आवाज रेकॉर्ड करायचं यंत्र आहे, त्याला रेंज लागत नाही. पाड्यावरच्या एखाद्या आजीकडून पावरीत गोष्ट सांगून घ्या (तिला विचारूनच), वर्गात ऐकवा, पोरांना चित्रं काढू द्या, चित्राखाली पावरी शब्द आणि त्याचा मराठी शब्द देवनागरीत. पंधरा दिवसांत पहिलीचं वाचायचं पुस्तक तयार होतं आणि ते त्यांचं स्वतःचं असतं. मोठ्या मुलांनी आजीची मुलाखत घ्यायची, प्रश्न आधी लिहून काढायचे. नवीन धोरणही म्हणतं की शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, त्यामुळे कोणी हरकत घेतली तर हे दाखवा.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढायचे, त्यांच्याकडे काय होतं, कागद आणि दौत. तुमच्या मुलांचं भिंतीवरचं साप्ताहिक का नको? बाकी तालुक्याला आलात की किविक्स नावाचं फुकट अ‍ॅप घ्या, विकिपीडिया त्यात मेमरी कार्डावर उतरवून ठेवता येतो आणि नेट नसताना चालतो. चार्जिंगला पॉवर बँक किंवा लहान सोलर पॅनल, त्यासाठी ग्रामपंचायतीत विषय काढून बघा.

प्रश्न : मी जळगावात नवीनच लागलेली शिक्षिका आहे. एआयवर स्वाध्याय, प्रश्नपत्रिका काढून घेतल्या तर चालेल का? कुठला कोर्स करू?

उत्तर : कोर्सची घाई नको गं. कच्चा मसुदा काढून घे, पण प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवल्याशिवाय फळ्यावर जाऊ देऊ नको, कारण ते चुकीचं उत्तरही अगदी ठासून सांगतं. बहिणाबाईंचं माहेर असोदा सोडून भलतंच गाव लिहून देईल आणि ते तुझ्या पोरांच्या वहीत जाऊन बसेल. त्यापेक्षा असं चुकलेलं उत्तरच आठवीच्या वर्गात ठेव आणि म्हण, यातल्या चुका शोधा, कशावरून म्हणता तेही लिहा. माझ्या भाचीने तिच्या वर्गात हे केलं, पोरं लायब्ररीचं कपाट उघडा म्हणून मागे लागली. फक्त मुलांची नावं, आधार नंबर, मार्क यातलं काहीही त्यात टाकायचं नाही, शाळेतल्या बाकीच्यांनाही आत्ताच सांगून ठेव.