काकांच्या ट्रंकेतले इंद्रजाल आणि ‘गुड कंडिशन’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंबडच्या जुन्या घरात वारलेल्या काकांची पत्र्याची ट्रंक निघाली. तिच्यात दीडशेच्या आसपास मराठी इंद्रजाल कॉमिक्स, थोडी अमर चित्र कथा, काही चांदोबा. पुण्याचं एक गिऱ्हाईक ‘ग्रेड सांगा’ म्हणतंय आणि तुम्ही सगळ्यांवर ‘गुड कंडिशन’ लिहून मोकळं व्हायच्या विचारात आहात.

भाऊ, ते दोन शब्द तेवढे लिहू नका.

कारण ऐका. ग्रेडिंगचा जो मापदंड जगभर चालतो तो अमेरिकेचा. तिथल्या ओव्हरस्ट्रीटच्या कॉमिक्सच्या किंमत पुस्तकाने (पहिली आवृत्ती १९७०) तो रूढ केला आणि २००० साली सुरू झालेल्या सीजीसी या कंपनीने अंक तपासून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करायला सुरुवात केल्यावर दहापैकी आकडा द्यायची पद्धत सगळीकडे पसरली. त्या मापात ‘गुड’ म्हणजे २. दहापैकी दोन! ‘व्हेरी गुड’ ४, ‘फाईन’ ६, ‘व्हेरी फाईन’ ८ आणि ‘निअर मिंट’ ९.४. म्हणजे जाणकार माणसाने तुमचं ‘गुड’ वाचलं की त्याच्या डोळ्यांपुढे कण्याला (पिनांच्या बाजूच्या घडीला) फाटलेला, कोपरे गेलेला, पण पानं शाबूत असलेला अंक येतो आणि तो त्याच हिशोबाने भाव सांगतो. ज्याला हे माप माहीत नाही तो ‘गुड’चा अर्थ आपला शाळेतला घेतो, कोऱ्या अंकाची वाट बघतो आणि पार्सल उघडल्यावर तुम्हाला फोन करतो. पहिल्याकडे तुमचं नुकसान, दुसऱ्याकडे तुमचं नाव खराब.

माझं मत स्पष्ट सांगतो, पटलं तर घ्या. आपल्याकडच्या अंकांना आकडा द्यायच्या भानगडीत आधी पडायचंच नाही. आधी व्यंग लिहायचं, शब्दांत, जागा दाखवून. गिऱ्हाइकाने फारच आग्रह धरला तर शेवटी ‘माझ्या मते ३ च्या आसपास’ एवढं जोडा. इंद्रजाल मार्च १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं, म्हणजे त्यातला सगळ्यात तरुण अंकसुद्धा आता पस्तिशीच्या घरात आहे. तेही आपल्याकडच्या उन्हाळ्यातून, भाड्याच्या वाचनालयांतून आणि तीन-तीन भावंडांच्या हातांतून गेलेले. ९.२ की ९.४ हा वाद अमेरिकेत लोक खुशाल घालू देत. माझ्या हाती आलेले बहुतेक अंक १ ते ५ च्या मधलेच होते, आणि तिथे आकड्यापेक्षा ‘काय गेलंय’ हेच विचारलं जातं.

पहिलं काम पानं मोजणं. हे मी सगळ्यात आधी सांगतोय, कारण मी स्वतः इथेच आपटलो. परभणीत रद्दीच्या दुकानातून एक वेताळचा (फँटमचा) अंक उचलला होता. कव्हर इतकं टवटवीत की मी आत बघितलंच नाही. कोलकात्याच्या एका संग्राहकाला ‘पूर्ण अंक’ म्हणून विकला. आठवड्याने त्याचा निरोप: गुहेत शिरलेला वेताळ पुढच्या पानावर एकदम जहाजावर कसा? मधला ताव गायब होता. पैसे परत केले, जाण्यायेण्याचा टपालखर्च माझा, आणि तो माणूस पुन्हा माझ्याकडून काही घेईना. घेणार कसा?

यात शिकण्यासारखं असं की पिनांनी जोडलेल्या अंकात एका तावाची चार पानं होतात. मधला ताव सगळ्यात आधी सुटतो, कारण त्याच्यावर फक्त पिनांचीच पकड असते. आणि पुढचं एक पान फाटून गेलं असेल तर मागच्या अर्ध्यातला त्याचा जोडीदार सुटा झालेला असतो, तोही हलवून बघा. छापलेले पानांचे आकडे बघत जा आणि आकडे नसतील तिथे गोष्ट वाचत जा. त्याच दुकानातला पोरगा मला म्हणाला होता, ‘‘कामून एवढं मोजायलाव सर, वेताळ तर हाय ना कव्हरवर!’’ आता मी त्याच्यासमोर उभा राहून मोजतो.

मोजून झालं की पिना. ट्रंक पत्र्याची आहे आणि घर जुनं, म्हणजे गंज असणारच. नुसता पिनेवर गंज आहे की कागदात उतरलाय हे वेगळं लिहायचं. कागदात उतरलेला गंज तपकिरी वर्तुळासारखा दिसतो आणि तिथला कागद नखाने दाबला तरी तुटतो. पिना बदललेल्या असतील तर जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोकं दिसतील. काही जण नव्या चकचकीत पिना मारून ‘पिना स्वच्छ’ लिहितात, तो शुद्ध खोटेपणा आहे.

वाचनालयाच्या अंकांची खूण वेगळी. ते लोक पाच-सहा अंक एकत्र करून पुठ्ठ्यात बांधायचे, त्यासाठी कण्यापासून थोडं आत आरपार भोकं पाडून दोरा घालायचे. पुढे कुणीतरी ती बांधणी सोडवतं आणि अंक सुटे विकतं. कण्याशेजारी ओळीने तीन-चार भोकं दिसली की समजून घ्या. शिवाय बांधताना तिन्ही कडा यंत्रावर कापून सरळ करायचे. असा अंक दिसायला एकदम देखणा, कडा धारदार, पण मापाने लहान. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या अंकावर ठेवून बघा, दोन-तीन मिलिमीटरचा फरक लगेच कळतो. कधी चित्राची चौकटच काठाला टेकलेली असते. कापलेली कड हा संग्राहकाच्या लेखी मोठा दोष आहे आणि फोटोत तो अजिबात दिसत नाही. म्हणून तो तुम्हीच सांगायचा.

आता कव्हर. ट्यूबलाइटखाली बघू नका. दुपारी चारच्या सुमारास खिडकीशी बसा आणि अंक तिरपा धरा. सपाट धरल्यावर जे दिसत नाही ते तिरप्या उजेडात उठून येतं. घड्यांचे दोन प्रकार आहेत. एक नुसती दबलेली, बोटाला लागते पण रंग शाबूत. दुसरी रंग फुटलेली, तिथे शाई उडून पांढरी रेघ दिसते. दुसरी जास्त वाईट, आणि कण्यावर अशा बारीक रेघा किती आहेत ते ढोबळ का होईना लिहा. अंक वाचताना कव्हर मागे मुडपायची सवय असायची आपल्याला, त्याने कणा एका बाजूला सरकतो. टेबलावर ठेवून खालून बघा, कडा एकमेकींवर नीट बसत नसतील तर कणा फिरलाय.

कागदाविषयी जरा जास्त सांगतो, कारण आपल्या हवेत खरी हानी तिथे होते. हा स्वस्त, वर्तमानपत्री जातीचा कागद. लाकडाचा लगदा करताना त्यातलं लिग्निन काढून टाकलेलं नसतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे धागे तोडत जातं. उष्णतेने हे सगळं वेगाने होतं. आणि मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या ट्रंकेत काय होत असेल ते तुम्हाला सांगायला नको! म्हणून ‘पानं पिवळी’ एवढ्यावर थांबू नका. पिवळा पण लवचिक, तांबूस आणि कडेला कडक, की हात लावला तर चुरा, हे तीन वेगवेगळे अंक आहेत. तपासायला कोपरा दुमडून बघू नका, तिथेच तुटेल आणि एक दोष तुम्हीच वाढवाल. अंक पांढऱ्या कागदावर ठेवून अलगद चाळा. खाली तांबूस कणी पडली तर कागद ठिसूळ झालाय, सरळ तसं लिहा.

तुमचं घर माळवदाचं आहे असं तुम्ही लिहिलंय. मग ट्रंकेच्या फटीतून आलेली बारीक माती पानांत असेल. ओल्या फडक्याने पुसू नका, मातीचा चिखल होऊन डाग कायमचा बसतो. रंगकामाचा मऊ ब्रश घ्या आणि कण्याकडून बाहेर झटका. उधई (वाळवी) लागली असेल तर मातीची नळी आणि आरपार खाल्लेला भाग दिसतो, तो लपत नाही. कसर, म्हणजे कागद खाणारा बारीक किडा, मात्र चोर आहे. ती वरचा थर खरवडून खाते, कव्हरची चमक आणि रंग जागोजागी गेलेला दिसतो आणि फोटोत तो साधा ‘घासलेला’ वाटतो. बुरशीचा वास किंवा काळे ठिपके असलेला अंक आधी बाकीच्यांपासून वेगळा काढा. तो विकायचा असेल तर ‘बुरशी’ हाच शब्द वापरा.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र मी फार कडक आहे. चिकटपट्टी लावलेली असेल तर ओढू नका, कव्हरची शाई तिच्याबरोबर निघते. कुठे आणि किती लांब आहे ते लिहा. पट्टी काकांनी लावली असेल, तुमचा दोष नाही, पण ती लपवली तर तुमचा. कोपऱ्यातली पांढरी रेघ स्केचपेनने भरून काढणं, इस्त्री फिरवून घडी घालवणं, दुसऱ्या अंकाचं कव्हर चढवणं, कव्हरची रंगीत झेरॉक्स लावणं, यातलं काहीही ‘थोडं नीटनेटकं केलं’ या सदरात बसत नाही. सीजीसीसुद्धा रंग भरलेल्या अंकाला जांभळं लेबल लावते, म्हणजे लांबूनच कळावं. झेरॉक्स कव्हरचा एक अंक माझ्याही गळ्यात बांधला गेलाय. विकणाऱ्याने फोटोत फक्त बाहेरची बाजू दाखवली होती. आतली बाजू कोरी पांढरी. तेव्हापासून मी कव्हरच्या आतल्या बाजूचा फोटो मागतो आणि न मागता देतो.

अमर चित्र कथेत आणखी एक भानगड आहे. ती मालिका १९६७ पासूनची, अनंत पै यांची, आणि तिच्या गोष्टी पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या. तेव्हा अवस्थेइतकंच ‘छपाई कधीची’ हेही सांगावं लागतं. जुन्या छपाईवर इंडिया बुक हाऊसचं नाव असतं. त्या जागी एसीके मीडिया, म्हणजे नंतरचे प्रकाशक, असेल तर ती २००७ नंतरची. आतल्या पानावरचा तपशील आणि छापील किंमत यांचा फोटो द्या, ‘दुर्मिळ’ वगैरे विशेषणं गिऱ्हाइकाला लावू द्या. इंद्रजालचंही तसंच, क्रमांकाचा फोटो हवाच, कारण ऐंशीच्या दशकात त्यांनी सलग क्रमांक सोडून खंड-अंक अशी पद्धत घेतली आणि तिथे लोकांचा घोळ होतो. चांदोबा मी विकत नाही, त्यावर बोलत नाही.

पहिल्या पानावर शाईत नाव, वाचनालयाचा शिक्का, सोडवलेलं कोडं, हे सगळं लिहायचं. कोडं कात्रीने कापलं असेल तर मागच्या पानावरची गोष्ट पण गेली, तो अंक अपूर्णच.

नमुना म्हणून इंद्रजालमधल्या बहादूरच्या एका अंकाचं माझं वर्णन देतो, आकडा कुठेच नाही बघा: ‘बहादूर, मराठी. सगळी पानं आहेत, मोजलेली. दोन्ही पिना गंजलेल्या, वरच्या पिनेपाशी कव्हर अर्धा सेंमी फाटलंय, मधला ताव खालच्या पिनेतून सुटलाय. कण्याला खालून चार सेंमी रंग फुटलेला. मागच्या कव्हरवर पाण्याच्या डागाची कड, आत दोन पानांपर्यंत. पहिल्या पानावर निळ्या शाईत नाव. कडा कापलेल्या नाहीत, दुरुस्ती नाही. कागद पिवळा पण लवचिक.’ हे वाचून गिऱ्हाइकाने घासाघीस केली नाही. घासाघीस करायला मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

फोटो सहा तरी काढा: पुढचं कव्हर, मागचं, कणा, मधला ताव पिनांसकट, कव्हरची आतली बाजू, आणि सगळ्यात वाईट जागा मोजपट्टी शेजारी ठेवून. हल्लीचे मोबाइल आपल्या मनाने रंग भडक करतात, ते बंद करा, नाहीतर पिवळा कागद पांढरा दिसतो आणि खोटं तुमच्या खात्यावर जमा होतं.

भाव मात्र सगळ्या अंकांची वर्णनं वहीत लिहून झाल्यावरच शोधा. आधी भाव बघितला की डोळा बिघडतो, माझा अजून बिघडतो. बहादूर हे आबिद सुरतींचं १९७६ चं पात्र, त्याला मागणी आहे हे कळलं की त्याच अंकावरची पाण्याची कड आपोआप ‘किरकोळ’ वाटायला लागते.

काकांची सही असलेले अंक मी असतो तर दोन-चार बाजूला ठेवले असते, पण तो तुमचा घरचा प्रश्न. आणि ट्रंकेतल्या डांबरगोळ्या आजच काढून टाका. अंक आठ दिवस सावलीत, वाऱ्याला, पण उन्हाबाहेर ठेवा. तरी वास पुरता जाणार नाही. मग तोही लिहा.